शेगडीवरचे फराटे



गुरुवार म्हणजे आमच्या भोसरी-चाकण पट्ट्यातला रविवार. एमआयडीसीतल्या बहुतेक कंपन्यांची सुट्टी याच दिवशी, म्हणून आमच्या विहारातले वर्षावासाचे ग्रंथवाचनही आम्ही गुरुवारी संध्याकाळी ठेवतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' आषाढ पौर्णिमेला हाती घेतला की आश्विन पौर्णिमेपर्यंत चालतो. वाचन आटोपले, सरणत्तय झाले की पुरुष मंडळी चपला शोधू लागतात आणि महिलांची खरी बैठक तेव्हा सुरू होते. कोणाच्या मुलीचे कॉलेज, कोणाचे रेशनकार्ड, कोणाच्या घरचा दारूचा त्रास. या बैठकीत मी जितके शिकले तितके कुठल्या शिबिरात शिकले नाही.

गेल्या वर्षावासात अशाच एका गुरुवारी आमच्या वस्तीतल्या एक मावशी उजवा हात पदराखाली झाकून बसल्या होत्या. मूळच्या त्या लातूरकडच्या. नवरा गेल्यावर प्राधिकरणाच्या बाजूला चार घरची धुणी-भांडी धरून दोन मुले वाढवली. मी विचारले, "मावशी, हाताला काय झालं?"

"काय न्हाई ताई, जरा पोळलंय."

पदर बाजूला केला तर बोटांची टोके पांढरी पडून सालपटे निघालेली. हे विस्तवाचे पोळणे नव्हे, हे मला दिसत होते. मग हळूहळू सगळे बाहेर आले. चारपैकी एका घरी स्टीलची नवी गॅसची शेगडी आली होती. मावशी रोज ती पुसत. पुसताना लखलखीत दिसे आणि वाळली की पांढरे फराटे उमटत. त्या घरच्या बाई रोज बोट फिरवून दाखवायच्या. एका महिन्यात दोनशे रुपये कापले. शेवटी मावशींनी दारावर येणाऱ्या गाडीवाल्याकडून फरशीचे अॅसिड घेतले आणि फडक्याला लावून शेगडी घासली. फराटे गेले नाहीतच, वर पत्र्यावर काळपट, मेलेले चट्टे पडले आणि हात पोळला तो वेगळा. आता त्या बाई नव्या शेगडीचे पैसे मागत होत्या.

"लई घासलं बगा ताई. पर वाळलं की हायेच फराटं. बाई म्हनली, तुमच्यात स्वच्छता शिकवतच न्हाईत का."

शेवटचे वाक्य त्यांनी खाली मान घालून सांगितले. विहारात बसलेल्या पंधरा-वीस बायकांपैकी कोणी काही बोलले नाही. तुमच्यात म्हणजे कोणात, हे कोणी विचारले नाही. विचारायची गरज नव्हती.

भगिनींनो, हा टोमणा आपल्याला नवा नाही. पिढ्यान् पिढ्या गावाची घाण ज्यांनी उचलली, मेलेली ढोरे ओढली, त्यांनाच घाणेरडे म्हणायचे, ही या देशाची रीत. प. पू. बाबासाहेबांनी १९२७ च्या डिसेंबरात महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी आपल्या आयाबहिणींना एकत्र बसवून राहणीबद्दल सांगितले. लुगडे कसे नेसावे, गळ्या-हातातले जातीची खूण सांगणारे जड दागिने का टाकून द्यावेत, घर आणि अंग स्वच्छ का ठेवावे, हे इतक्या मोठ्या विद्वान माणसाने घरातल्या वडीलधाऱ्यासारखे समजावून सांगितले. पुढे जुलै १९४२ मध्ये नागपूरला महिला परिषद भरली, तिथेही स्वच्छतेचा विषय त्यांनी सोडला नाही. स्वच्छता शिकवली गेली नाही असे म्हणणाऱ्यांना आपला इतिहास माहीत नाही, एवढेच.

माझी आई गावी चूल रोज पोतेऱ्याने सारवायची. तांबडी माती भिजवून हात असा फिरवायची की वाळल्यावर एक फराटा दिसत नसे. पिंपरीला आल्यावर वातीचा स्टो आला. रॉकेलच्या वासाने डोके दुखायचे, तरी स्टोची टाकी ती चिंचेने घासून आरशासारखी ठेवायची. गॅसला तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. गॅस आला तेव्हा तिने पहिले काय केले असेल तर शेगडीखाली घालायला कापड शिवले. (ते कापड मी नंतर काढून टाकले. शेगडीखाली कापड किंवा प्लॅस्टिक घालणे धोक्याचे.) तेव्हा फराटे का पडतात हा प्रश्न मला क्षुल्लक वाटला नाही. दोनशे रुपये, एक हात आणि एक टोमणा, एवढे त्यात गुंतले होते.

मी मावशींना विचारले, "पाणी कुठलं वापरता?"

"बाईच बादली भरून ठेवती की. ते फिल्टरचं वाया जानारं पानी. म्हनती, पानी एक दिसाआड येतंय, ह्येच वापर वट्याला, शेगडीला, समद्याला."

तिथेच माझ्या डोक्यात लख्ख झाले. तरी नुसत्या अंदाजावर बोलू नये म्हणून घरी जाऊन करून पाहिले. जेवणाचे एक स्टीलचे ताट स्वच्छ घासून, कोरडे पुसून उन्हात ठेवले. त्यावर चमच्याने चार ठिकाणी थेंब टाकले. एक कॉर्पोरेशनच्या नळाचा, दुसरा आमच्या बिल्डिंगच्या बोअरचा, तिसरा शेजारच्या घरच्या आर.ओ. मशिनच्या पिण्याच्या पाण्याचा आणि चौथा त्याच मशिनच्या बाहेर पडणाऱ्या पाण्याचा. पुसायचे नाही, तसेच वाळू द्यायचे. तासाभराने पिण्याच्या पाण्याची खूण शोधावी लागत होती. नळाच्या पाण्याची पुसट होती. बोअरची पांढरी कडी स्पष्ट उठली होती. आणि चौथ्या थेंबाच्या जागी खडूने टिंब काढावे तसा पांढरा डाग.

हे ताट मी तसेच कागदात गुंडाळून पुढच्या गुरुवारी विहारात नेले. तथागतांनी कालामांना जे सांगितले ते आपण दरवर्षी वाचतो : कोणी मोठा सांगतो म्हणून, पूर्वापार चालत आले म्हणून मानू नका, स्वतः पडताळून पाहा. त्या संध्याकाळी ताट हातोहात फिरले. मावशींनी चौथ्या डागावर नखाने खरवडले, नखावर पांढरी भुकटी आली. त्या म्हणाल्या, "ह्येच की ते!"

कारण असे आहे. आपला सगळा दख्खनचा प्रदेश काळ्या पाषाणाचा. पावसाचे पाणी त्या खडकाच्या भेगांतून झिरपताना त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून घेते, म्हणून बोअरचे पाणी जड. पवना धरणाचे पाणी नदीने येते, रावेतच्या बंधाऱ्यातून उचलून निगडीला शुद्ध होते. ते त्या मानाने हलके. म्हणून नळाच्या पाण्याने पुसले की डाग कमी. पण नोव्हेंबर २०१९ पासून पिंपरी-चिंचवडला एक दिवसाआड पाणी सुरू झाले आणि मोशी, चिखली, वाकडकडच्या मोठ्या सोसायट्यांत बोअर नाहीतर टँकरवर बराच भर आला. टाकीत कुठले पाणी किती, हे वरच्या मजल्यावरच्या बाईला कळत नाही. आज फराटे नाहीत आणि उद्या आहेत, याचे उत्तर कामवालीच्या मनात नसून पाण्याच्या टाकीत असते.

आर.ओ. मशिनचे तर याहून पुढे. एक लीटर गोडे पाणी देताना बहुतेक घरगुती मशिन दोन-तीन लीटर बाहेर टाकते. गोड्या पाण्यातले काढलेले क्षार जातात कुठे? त्या बाहेरच्या पाण्यातच. म्हणजे ते मूळच्या पाण्यापेक्षा जास्त जड. पाणी वाचवणे चांगलेच. ते पाणी संडासात टाका, गॅलरी धुवा, पहिल्या हाताची फरशी पुसा. पण चकचकीत स्टीलवर आणि काचेवर त्या पाण्याचा शेवटचा हात फिरवला की क्षार तिथेच बसणार. वाफ होते ती पाण्याची, क्षारांची नाही.

आता रीत सांगते. ही माझ्या स्वतःच्या आणि मंडळातल्या आठ-दहा जणींच्या स्वयंपाकघरात तपासलेली आहे.

आधी रेग्युलेटर बंद करा आणि शेगडी पूर्ण गार होऊ द्या. सकाळचा डबा करून लगेच पुसायला घेतली तर पाणी गरम पत्र्यावर पडताच वाळते आणि फराटा तिथेच भाजला जातो. कामाला जायच्या घाईत आपण सगळ्या हेच करतो. त्यापेक्षा रात्रीचा स्वयंपाक झाल्यावर जेवण उरकून या कामाला लागावे. जाळ्या आणि बर्नर काढून गरम पाण्यात भांड्याच्या साबणाने भिजत टाका. बर्नर पितळी असेल तर चिंचेच्या कोळाने उजळतो. अॅल्युमिनियमचा असेल तर सोडा लावू नका, काळा पडतो. भोके बुजली असतील तर टाचणीने मोकळी करा आणि बर्नर पालथा ठेवून पूर्ण वाळवा. ओला बसवला की ज्योत फडफडते, पिवळी होते, भांड्याची बुडे काळी होतात आणि गॅसही वाया जातो.

मग कोरड्या फडक्याने किंवा मऊ ब्रशने शेगडीवरचा रवा, पीठ, मोहरी, मीठ झाडून घ्या. हे न करता ओले फडके फिरवले की पिठाची खळ होते आणि ती पसरून बसते. हा एक फराटा पाण्याचा नव्हे, आपल्या घाईचा.

पातेल्यात कोमट पाणी घ्या, लीटरभर पाण्याला भांड्याचा पातळ साबण अर्धा चमचा पुरे. जास्त साबण म्हणजे जास्त स्वच्छ, ही समजूत काढून टाका. साबणाची वडी तर शेगडीला नकोच. वडीत घासण्यासाठी दगडाची बारीक पूड असते, ती पत्र्यावर मागे राहते आणि वाळली की पांढरी दिसते. फडके बुडवून घट्ट पिळा. शेगडीवर तांब्याने पाणी ओतायचे नाही. ते बटणांत, नळीत आणि जेटमध्ये शिरते आणि मग मेकॅनिकला पैसे.

स्टीलच्या पत्र्याकडे उजेडात नीट पाहिले तर बारीक उभ्या किंवा आडव्या रेघा दिसतात. कारखान्यात पत्रा पॉलिश करताना पट्टा ज्या दिशेने फिरतो त्या या रेघा. भोसरीत बफिंगच्या कामाला असलेला आमच्या वस्तीतला एक मुलगा म्हणाला, "काकू, रेघेच्या अंगानं पुसा, आडवं गेलात की ओरखडा दिसणारच." आपण सगळ्या गोल गोल पुसतो, कारण आपला हात भाकरीचा. शेगडीला सरळ हात लागतो.

तेलाचा पिवळा, चिकट राप असेल तर खाण्याच्या सोड्यात थोडे पाणी घालून लेप करा आणि दहा-पंधरा मिनिटे ठेवा. फोडणीचे उडालेले तेल रोज तापून तापून रंगासारखे घट्ट होते, म्हणून ते नुसत्या पाण्याने निघत नाही. खीर किंवा दूध उतू गेले असेल तर ओले फडके सोड्याच्या पाण्यात भिजवून त्या डागावर वीसेक मिनिटे झाकून ठेवा, मऊ झाले की जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने अलगद सरकवा. सुरी किंवा उलथने नको. वैशाखी पौर्णिमेला घरोघरी खीर होते, तेव्हा हा उपाय कामी येतो. सुजाताने तीन दगडांच्या चुलीवर खीर केली असेल. तिला ही चिंता नव्हती.

आता खरी गोम. साबणाचा हात झाला की बहुतेक जणी तेच फडके खळबळून पुन्हा एकदा फिरवतात आणि उठतात. तिथेच फराटा राहतो. साबण आणि जड पाणी एकत्र आले की साका तयार होतो, बोअरच्या पाण्याने अंघोळ केल्यावर बादलीला जो चिकट थर बसतो तोच. तो काढायला दुसरे फडके पाहिजे आणि दुसरे पाणी पाहिजे. नळाचे पाणी असेल तर उत्तम. नसेल तर एक वाटी पिण्याचे पाणी पुरते, बादली लागत नाही. मशिन नसेल त्या घरी बोअरचे पाणी चांगले उकळून, गार करून, गाळ खाली बसल्यावर वरचे पाणी घ्यावे. उकळल्याने काही क्षार खाली बसतात, सगळे नाही. या पाण्याने दोनदा पुसा.

आणि लगेच, म्हणजे लगेच, तिसरे कोरडे फडके. वाळू द्यायचे नाही. डोक्यावर पंखा चालू असेल तर बंद करा. एका वेळी अर्धी शेगडीच घ्या, ती पूर्ण कोरडी झाली की उरलेली अर्धी. फडके जुन्या सुती लुगड्याचे किंवा धुवून धुवून मऊ झालेल्या बनियनचे. नवा टॉवेल तंतू सोडतो, नायलॉनची साडी पाणी शोषत नाही. ही तीन फडकी वेगवेगळी ठेवा आणि कोरड्याने दुसरे काही पुसू नका. एकदा का त्याला तेल लागले की ते पुसत नाही, सारवते.

जुने पांढरे फराटे आधीच बसले असतील तर व्हिनेगर एक भाग आणि पाणी दोन भाग करून फडक्याने लावा, दोन-तीन मिनिटांनी साध्या पाण्याने पुसून कोरडे करा. लिंबूही चालते, रस गाळून घ्या. आंबट पदार्थाने क्षार विरघळतात. पण ओटा कडाप्प्याचा असेल तर जपून, कारण कडाप्पा हा चुनखडीचाच दगड. आंबट सांडले की त्याची चमक उडते. व्हिनेगर आणि सोडा एकत्र करू नका. फेस येतो, मुलांना गंमत वाटते, पण दोघे एकमेकांना मारतात आणि आपल्या हाती नुसते खारट पाणी राहते.

बर्नरभोवती पिवळसर, निळसर, मोरपिशी झाक आली असेल तर तो मळ नाही. उष्णतेने स्टीलचाच वरचा थर रंग बदलतो. कितीही घासली तरी ती पूर्ण जाणार नाही, आणि ज्या घरी तुम्ही कामाला जाता तिथे हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे.

अॅसिडबद्दल मात्र निक्षून सांगते. स्टेनलेस स्टील हे १९१३ साली इंग्लंडमध्ये शेफील्डला हॅरी ब्रेअर्ली यांनी केलेले मिश्रण म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात निदान साडेदहा टक्के क्रोमियम असते आणि त्या क्रोमियमचा डोळ्यांना न दिसणारा पातळ थर पत्र्याला गंजापासून वाचवतो. फरशीचे अॅसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक अॅसिड. ते नेमका तो थर खाते. म्हणून मावशींच्या हातून पत्र्यावर जे चट्टे पडले ते पुसून जाणार नव्हते. ब्लीच आणि मीठही स्टीलवर जास्त वेळ ठेवू नये. आणि अॅसिड व ब्लीचिंग पावडर एकत्र आली तर क्लोरिन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो. काम करणाऱ्या भगिनींनी हे पाठ करावे : कोणी दोन बाटल्या हातात दिल्या आणि मिसळ म्हणून सांगितले तरी मिसळायच्या नाहीत. हाताला अॅसिड लागलेच तर वाहत्या साध्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटे हात धरा आणि दवाखान्यात जा. हळद, टूथपेस्ट लावत बसू नका. मावशींनी टूथपेस्ट लावली होती.

आमच्या पट्ट्यातल्या घरांसाठी आणखी एक. नवरा किंवा मुलगा कारखान्यातून कॉटन वेस्ट घेऊन येतो. गाडी पुसायला ठीक, शेगडीला नको. वापरलेल्या वेस्टमध्ये कूलंट आणि लोखंडाची बारीक चिप अडकलेली असते. ती स्टीलवर ओरखडे काढते, आणि जो लोखंडाचा कण पत्र्यात रुतून राहतो तो ओला होऊन गंजतो. मग आपण म्हणतो स्टील गंजले. तारेच्या घासणीचेही तेच.

काचेची शेगडी आता घरोघरी आली आहे. ती काच कडक केलेली असते, पण तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नका आणि कडेला टवका गेला असेल तर वापरू नका, एखाद्या दिवशी एकदम चुरा होते. पुसायची रीत तीच. काचेवर मात्र पाण्यापेक्षा तेलाचा पातळ थर जास्त फराटे दाखवतो, त्यामुळे शेवटचा व्हिनेगरच्या पाण्याचा हात चुकवू नका. काच पुसायला जुने वर्तमानपत्र चांगले असे म्हणतात. चांगले असेल. पण या साप्ताहिकाच्या पानापानावर तथागतांची आणि बाबासाहेबांची छायाचित्रे असतात, तेव्हा हा अंक सोडून!

शेगडी जागेवर ठेवताना रबरी नळी ओढली गेली नाही ना हे पाहा, जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का तेही पाहा. नळीवर तारीख छापलेली असते, ती उलटली असेल तर बदला. वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, दिव्याच्या बटणाला हात नाही, आणि बाहेर जाऊन १९०६ वर फोन.

मावशींचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. मी आणि मंडळातल्या दोघी जणी त्या घरी गेलो. भांडायला नाही, ताट दाखवायला. बाईंनी आधी दार अर्धेच उघडले. मी म्हटले, "ताई, पाचच मिनिटं बोलायचं आहे, तुमच्या शेगडीबद्दल." ताट दाखवले, त्यांच्याच बादलीतल्या पाण्याचा थेंब त्यांच्याच ताटावर टाकला आणि गॅलरीतल्या उन्हात ठेवला. थेंब वाळेपर्यंत बसायला सांगितले नाही, तरी आम्ही उभ्या राहिलो. पांढरा डाग त्यांनी स्वतः पाहिला. शिकलेली बाई, समजायला वेळ लागला नाही. म्हणाल्या, "मला खरंच माहीत नव्हतं." कापलेले दोनशे रुपये त्यांनी तिथेच दिले, शेगडीच्या भरपाईचे बोलणे सोडून दिले. त्या दुसऱ्या वाक्याबद्दल मात्र काही बोलल्या नाहीत. मी वाट पाहिली. शेवटी मीच म्हटले, "आमच्यात काय शिकवतात ते आम्ही तुम्हाला दाखवायला आलो होतो." त्या ताटाकडे बघत राहिल्या.

जिना उतरताना मावशी म्हणाल्या, "उद्यापासनं मी हितं येनार न्हाई." महिन्याचे दीड हजार रुपये जात होते, म्हणून मी त्यांना विचार करा म्हटले. त्यांनी केला नाही. त्यांचे बरोबर की चूक, हे सांगायचा अधिकार मला वाटत नाही. सहा आठवडे त्यांनी तीन घरांवर काढले, मग मोशीकडे दुसरे घर मिळाले. तिथे पहिल्याच दिवशी त्यांनी विचारले म्हणे, "पानी बोअरचं का नळाचं?"

पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला तेव्हा लोक हसले होते. पुढे त्यातूनच संघटना उभी राहिली आणि २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. आमच्या वस्तीतल्या घरकाम करणाऱ्या भगिनींपैकी निम्म्यांची अजून नोंदणी नाही. मावशींची आम्ही त्याच महिन्यात करायला घेतली. आधार कार्ड, पासबुक आणि कामाच्या घरमालकाचा दाखला लागतो म्हणाले. दाखला कोण देणार, यावर गाडी अडली. मोशीच्या बाईंनी दिला.

२५ डिसेंबरला देहूरोडला दरवर्षी मोठी गर्दी असते. १९५४ साली याच तारखेला बाबासाहेबांनी तिथल्या विहारात बुद्धमूर्तीची स्थापना केली. बाहेरगावचे उपासक आदल्या रात्री आमच्या विहारात मुक्कामाला येतात आणि त्यांच्या चहा-नाश्त्याची जबाबदारी महिला मंडळाची. २४ तारखेला संध्याकाळी विहाराची मोठी शेगडी काढली तर मागच्या कार्यक्रमाचे दूध जळून बसलेले. तरुण पोरी तारेची घासणी घेऊन पुढे सरसावल्या. मावशींनी ती हातातून काढून घेतली, सोड्याचे फडके डागावर टाकले आणि वर घड्याळाकडे बघत बसून राहिल्या. एक पोरगी म्हणाली, "मावशी, आता काय करायचं?"

"काय न्हाई. ईस मिंटं थांबायचं. अन् तंवर एक कोरडं धडूतं हुडीक, तेलाचं नको."